एकोणीस गाठी

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर मला एकच गोष्ट विचारली होती. सोशल मीडियावर लिहिल्यानं धंदा खरंच वाढतो का? मी लगेच 'हो' म्हणाले. चार वर्षं हेच काम करत आले, त्यामुळे ते 'हो' विचार न करताच तोंडातून गेलं. "मग तेच लिहा की," त्या म्हणाल्या, "आमचे निम्मे वाचक दुकानदारच आहेत." लिहायला बसले आणि तीन वेळा कागद फाडला. 'हो' खोटं नाही. पण कुणाचा धंदा वाढतो हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. ते सांगायचा प्रयत्न करते. दुसऱ्यांच्या नावानं पुष्कळ लिहिलंय, स्वतःच्या नावानं हे पहिलंच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रहिमतपूरची. अब्बा गाद्या भरतात. पूर्वी लग्नसराईत आमच्या दारात कापसाचा ढीग असायचा. आता फोमच्या गाद्या टेम्पोतून येतात, आणि अब्बा लोकांच्या जुन्या गाद्या उसवून, कापूस पिंजून परत भरून देतात. अम्मी त्यांना टाके घालू लागते. दिवसभर वाकून बसल्यानं तिची कंबर गेली आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी सांगलीला विश्रामबागेत कॉलेजला आले तेव्हा अम्मीनं गल्लीत सांगितलं होतं, "परवीन मोठं कायतरी शिकतीया." काय ते तिला माहीत नव्हतं. खरं तर मलाही फारसं नव्हतं.

मेसचा खर्च निघावा म्हणून मी काम शोधलं. कॉलेजच्या जवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. चालवणाऱ्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. काम असं होतं : दुकानदाराला लिहायला वेळ नसतो, किंवा लिहायचं काय ते सुचत नाही. त्याच्या दुकानाच्या नावानं एक पेज असतं, त्यावर त्याच्या वतीनं आम्ही लिहायचं. 'या, घ्या, सवलत' असलं नाही. चांगलं दीड-दोन पानी लिहायचं, गोष्टीसारखं. माल कुठून येतो, कसा बनतो, हात कुणाचे लागतात. सर म्हणायचे, "गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आधी दुकान त्याच्या घरात शिरलं पाहिजे."

पहिल्या वर्षी माझ्याकडे हळदीचे एक व्यापारी होते. मी तीन महिने फक्त हळदीबद्दल लिहिलं. कशी शिजवतात, कशी वाळवतात, हळकुंड मोडून आतला रंग कसा बघायचा. ते वैतागले होते. "अहो, हे फुकटचं शिक्षण कशाला? आमच्याकडून घ्या असं कवा लिहिणार?" मग एक दिवस सोलापूरहून एक बाई आल्या. माझ्या लेखाची प्रिंट हातात, खाली पेनानं रेघा मारलेल्या. "हे लिहिणारे गृहस्थ कोण?" मी तिथंच कोपऱ्यात फोटो काढत बसले होते. शेटजी छाती काढून म्हणाले, "मीच." बाईंनी वर्षाची हळद नेली आणि पुढे त्यांच्या भिशीतल्या साऱ्याजणींनी मागवली. त्या दिवशी मला कुणी ओळखलं नाही, तरी होस्टेलवर जाताना पाय जमिनीवर नव्हते.

सगळे असे भेटत नाहीत. आमच्या कोरेगाव भागातले आल्याच्या बियाण्याचे एक व्यापारी होते. मी त्यांना महिन्याचा हिशेब सांगायला गेले, पाचशे लाईक आलेत म्हटलं. त्यांनी गल्ल्यावरून मान वर केली. "म्हंजे पोती किती गं पोरी?" मी म्हटलं, "काका, लाईक म्हणजे पोती नव्हेत." "मंग काय हाय?" मी म्हटलं, "आवडलं, असं लोक सांगतात." "आवडलं व्हय! बरं. माझ्या बायकूलाबी मी आवडतो, पन ती बी बियानं घेत न्हाई." त्यांनी पुढच्या महिन्यापासून काम बंद केलं. आम्ही ऑफिसात खूप हसलो. त्यांचा प्रश्न बरोबर होता हे मला फार उशिरा कळलं.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरच्यांना ती माहीत नसते. पोस्ट टाकल्यावर पहिला तास महत्त्वाचा. त्या तासात चार माणसं काहीतरी बोलली तर ती पोस्ट पुढे आणखी लोकांना दिसते, नाहीतर तिथंच झोपते. रिकाम्या हॉटेलात कुणी शिरत नाही, तसंच. म्हणून आमच्याकडे काही खाती होती. नाव, फोटो, गाव, सगळं केलेलं, पण ती माणसं जगात नव्हती. माझ्याकडे तीन होती. त्यांच्या नावानं मीच पहिल्या कमेंट टाकायची : वा, सुंदर, आम्हाला पण हवंय. नावं मी पुण्या-मुंबईकडची, भारदस्त वाटतील अशी ठेवली होती. आमच्यासारखं नाव बघून कुणी भरवसा ठेवेल असं मला वाटलं नव्हतं. त्यातली सुनंदाताई माझी आवडती. पुण्याच्या, निवृत्त शिक्षिका, शुद्ध लिहिणाऱ्या. मला मोठेपणी तसं व्हायचं होतं बहुतेक. यात पाप आहे असं कधी मनात आलं नाही. सगळेच करत होते.

मल्लाप्पा मामांकडे आम्ही दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर गेलो. जतच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. गावात निम्मं बोलणं कानडी. मामा घोंगडी विणायचे. घराच्या पडवीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि समोरच्या मागावर विणायचं. त्यांची बायको गंगव्वा लोकर पिंजून सूत काढायची. विणून झालं की चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणायचं, मग घोंगडं असं कडक होतं की उभं राहील. वापरून वापरून ते मऊ पडतं.

मामा आमचे गिऱ्हाईक नव्हते. त्यांच्याकडून काही घ्यायचं नव्हतं. सरांना एक नमुना हवा होता. "एक अशी पोस्ट लिही," ते म्हणाले, "की दुकानदारांना दाखवता येईल, बघा आम्ही काय करू शकतो."

मी मामांना पुष्कळ प्रश्न विचारले. ते मला पहिल्या वाक्यापासून 'यव्वा' म्हणाले. तिकडे लेकीबाळींनाही आईच म्हणतात. बोलता बोलता मी विचारलं, आगाऊ इसार किती घेता? ते हसले.

"इसार कशाला? मेंढरं घेऊन लांब जानारा मानूस जाताना बोलून जातो, मल्लाप्पा, माझं एक ठेव. सा महिन्यानं फिरून येतो. येतोच."

"आणि नाही आला तर?"

"न्हाई जमलं तर वाट वाकडी करून येतो, आन तोंडानं सांगतो, नको. तवर ते त्याचंच. नावाचं घोंगडं दुसऱ्याला कसं द्यायचं?"

मी हे वहीत लिहून घेतलं. पोस्टमध्ये सगळ्यात शेवटी टाकलं : 'इथं घोंगडं पैशावर नाही, शब्दावर विणलं जातं.' लोकांनी तेच वाक्य उचललं. पहिल्या तासात माझ्या तिघांनी सुरुवात करून दिली, नंतर गरजच उरली नाही. आमच्या ऑफिसातली कुठलीच पोस्ट इतकी पुढे गेली नव्हती. कुणाला आजोबा आठवले, कुणाला गाव. 'एक माझ्यासाठी ठेवा.' 'मलाही एक ठेवा.' 'नक्की घेणार काका.' सरांनी पेढे आणले. पंधरा दिवसांत तीन नवी कामं आली. त्यातलं एक साताऱ्यातल्या ब्लँकेटच्या मोठ्या दुकानाचं होतं. ते म्हणाले, "ते घोंगडीवाल्याचं लिहिलंय ना, अगदी तसंच पाहिजे. फक्त घोंगडीच्या जागी आमचं ब्लँकेट."

म्हणून मी वर म्हटलं, वाढतो धंदा.

मला वाटलं, हे मामांना कळायला हवं. ते कानडी वाचायचे, मराठी अक्षर त्यांना लागत नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी एकटीच एसटीनं जतला गेले, तिथून वडापच्या जीपनं गावात. मागाच्या काठावर बसून मोबाईलवरच्या कमेंट वाचून दाखवायला लागले. मामांनी विणायचं थांबवलं. "दमानं वाच यव्वा." नुसत्या 'वा, छान'वर ते मान हलवायचे. पण 'ठेवा' किंवा 'घेणार' आलं की हात वर करून मला थांबवायचे. "कुटलं गाव? तरनं हाय का म्हातारं?" मी नावावर बोट दाबून, जे दिसेल ते सांगायची. नाशिक. तरुण आहे. ठाणे. बाई आहेत. शेजारी गंगव्वा सूत धरून बसल्या होत्या आणि मधून मधून त्याला गाठ मारत होत्या. मला वाटलं, सूत तुटतंय.

मग सुनंदाताई आल्या. 'माझ्या आईसाठी एक ठेवा हं.' ती मीच लिहिलेली ओळ. मी ती गाळू शकले असते. पण माझ्या बाकी दोघांसकट एवढे सगळे वाचले आणि एक गाळली तर कसंतरीच, असं वाटलं, आणि मी वाचली.

"आईला काय झालंय हिच्या?" मामांनी विचारलं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. "कंबर," मी म्हटलं. "कंबर दुखते तिची. थंडीत उठता येत नाही."

"चच्," गंगव्वा म्हणाल्या आणि गाठ मारली.

त्यानंतर परीक्षा आल्या, नवी कामं आली. ब्लँकेटच्या दुकानासाठी मी पोस्टवर पोस्ट लिहीत होते. मामांचा विषय माझ्या डोक्यातून गेला. गणपती होऊन गेल्यावर एके दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मामा त्यांच्या गावातल्या किराणा दुकानातून बोलत होते. फोनवर बोलायची सवय नसल्यामुळे ओरडत होते.

"यव्वा, झाली बग सगळी. मानसं कवा येत्यात?"

"कुठली माणसं मामा?"

"तूच वाचलीस की! एकोनीस."

मला आठवतंय, मी तेव्हा ऑफिसच्या जिन्यात होते आणि तिथंच पायरीवर बसले.

दुसऱ्याच दिवशी गेले. पडवीत घोंगड्यांची थप्पी होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा धागा, ओळखू यावं म्हणून. मामांना सगळी पाठ होती. हे नाशिकच्या पोराचं, उंच असंल म्हणून हातभर लांब. हे ठाण्याच्या बाईचं. भिंतीवरच्या खुंटीला गंगव्वांचं ते सूत, एकोणीस गाठींचं.

मी विचारलं, या वर्षी जत्रांना गेला नाहीत? एरवी त्यांची सगळी विक्री जत्रांतच व्हायची. "जाऊन काय विकू?" मामा म्हणाले, "लोकर होती तेवढी नावावर गेली की." हातातला सगळा पैसा त्यांनी त्या लोकरीत घातला होता. ही थप्पी हलली तर पुढच्या कातरणीची लोकर घेता येणार होती. नाहीतर माग बंद. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. माणसं येणारच आहेत असं धरून सांगितलं. मागच्या आठवड्यात जतचा एक व्यापारी सगळी थप्पी उचलायला आला होता. त्याला त्यांनी परत पाठवलं होतं. नावाची घोंगडी दुसऱ्याला कशी द्यायची?

मी तिथं खरं बोलले नाही. "बघते मामा, निरोप देते सगळ्यांना," एवढंच म्हणून निघाले.

सरांना सांगितलं तर ते कपाळावर हात मारून हसले. मग हसू थांबलं. ते वाईट नव्हते. "अगं, कमेंट म्हणजे काय स्टँपपेपर आहे का? त्यांना सांगायचं नाही का आपण आधी?" थोड्या वेळानं म्हणाले, "असं करू. यावरच एक पोस्ट टाक. 'एकोणीस शब्द, एकही माणूस नाही.' रडतील लोक वाचून. सगळा माल जाईल आठवड्यात." मी ती पोस्ट लिहिली. खोटं कशाला सांगू, चांगली झाली होती. पण मामांना न विचारता टाकायला हात होईना.

ती तशीच ठेवली आणि आधी सोळा जणांना मेसेज केले. एकोणिसातून माझे तीन वजा करून सोळा. सगळं समजावून लिहिलं. दोघांनी खरोखर घोंगडी घेतली, त्यांतले एक गृहस्थ तर गाडी घेऊन मामांच्या दारात गेले. बाकीच्यांचं उत्तर : 'अहो, मी सहज लिहिलं होतं.' 'मला तर आठवतही नाही.' 'ते टोचतं म्हणे.' एकानं विचारलं, 'हा काय नवीन फ्रॉड आहे का?' पाच जणांनी काहीच कळवलं नाही. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. अशा कमेंट मीच दिवसाला वीस लिहीत होते.

मामांचा नियम माझ्या लक्षात होता. ज्याचं त्यानं तोंडानं 'नको' म्हणायला हवं. म्हणून ज्यांनी नकार दिला त्या नऊ जणांच्या मी परत पाया पडले : दोन वाक्यं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, म्हातारा माणूस आहे, त्याला मोकळं करा. नऊच्या नऊ जणांनी पाठवलं. लोक तसे चांगले असतात.

राहिले माझे तीन. त्यांचा आवाज कुठून आणायचा? माझी रूममेट छान शुद्ध बोलते. तिच्याकडून मी सुनंदाताईंचा नकार रेकॉर्ड करून घेतला. "नमस्कार काका, मी सुनंदा बोलतेय. आईसाठी घोंगडी सांगितली होती, पण आता नको. क्षमा करा." बाकी दोघांचेही असेच केले. इतके खरे वाटत होते की मलाच धीर आला. घोंगडी मोकळी होतील, मामा ती व्यापाऱ्याला देतील, माग चालेल. कुणाला काही कळायचं कारण नाही.

पडवीत बसून मी एकेक आवाज लावला. मामा मोबाईलकडे तोंड करून, समोर माणूस बसल्यासारखं ऐकत होते. नाशिकचा मुलगा म्हणाला, "सॉरी काका, मी सध्या रूमवर राहतो." मामा मोबाईलला म्हणाले, "असू दे, असू दे." गंगव्वांनी एक गाठ सोडली. ठाण्याच्या बाई म्हणाल्या, "माफ करा हं." "असू दे तायी." गाठ सुटली. नऊ वेळा. एका आवाजाला तर मामांनी जेवलास का म्हणून विचारलं. मोबाईलनं उत्तर दिलं नाही तसे माझ्याकडे बघून हसले.

मग माझं बोट सुनंदाताईंवर आलं.

"आता पुन्याची मास्तरीनबाई व्हय?" मामा उठले. थप्पीतून नाही, आतल्या खोलीतून त्यांनी एक घोंगडं आणलं. बाकीच्यांपेक्षा काळं, बारीक विणीचं. माझ्या हातात दिलं. ते टोचत नव्हतं.

"जावळाचं हाय. कोकराच्या पयल्या कातरनीचं. वर्सात एक निघतं असलं. म्हटलं, आजारी मानसाच्या अंगाला टोचाय नको." आणि मग त्यांनी विचारलं, "कंबर कशी हाय गं तिच्या आईची आता?"

रेकॉर्डिंग समोर होतं. नुसतं बोट टेकवायचं होतं. मी मोबाईल उलटा करून जमिनीवर ठेवला.

"मामा, सुनंदाबाई कुणी नाहीत. ते मीच लिहिलं होतं."

त्यांना कळलं नाही. "तू कशी? तुझं नाव परवीन की."

मी सांगितलं. पहिला तास, रिकामं हॉटेल, तीन खाती. सांगताना ते इतकं फालतू वाटत होतं. गंगव्वांना आधी कळलं. त्या मामांना कानडीत काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला एकच शब्द लागला, 'सुळ्ळु'. खोटं. मामा मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून. मी नवी पोस्ट टाकायचं विचारलं, काहीतरी भरपाई व्हावी म्हणून. त्यांनी मान हलवली.

"नको. परत तू वाचशील, परत गाठी पडतील."

मग म्हणाले, "तिघंबी तूच?"

"हो."

"आन कंबर? ती बी खोटी?"

"कंबर खरी आहे," मी म्हटलं. "माझ्या अम्मीची."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. घोंगड्याची घडी घातली, माझ्यापुढे ठेवली. "मंग हे तिचंच हाय. ने. आन तिला नको असंल तर तिच्या तोंडानं सांगू दे. तू सांगू नगंस."

पैसे त्यांनी घेतले. ठरलेले, कमी नाही, जास्त नाही. गंगव्वांनी ती गाठ मात्र माझ्यासमोर सोडली नाही.

रहिमतपूरला अब्बांनी घोंगडं दारात उजेडात धरलं, उलटं केलं, कडेनं बोट फिरवलं. अंथरुणातलं त्यांना कळतं. "हे बाजारासाठी विणलेलं न्हवं," ते म्हणाले. "कुनी दिलं?" मी म्हटलं, एका गिऱ्हाईकानं. तेवढं एक खोटं मी घरी बोललेच. अम्मी त्यावर झोपायला लागली. कंबर काही बरी झाली नाही, ती बरी होण्यासारखी नाही. पण सकाळी उठताना तिचा आवाज यायचा तो कमी झाला.

मी तिचा आवाज रेकॉर्ड केला. कुणासाठी ते सांगितलं तेव्हा ती लाजली, पदर सारखा केला आणि मोबाईलला म्हणाली, "मामा, परवीनची अम्मी बोलतीया. लय ऊब हाय बगा. हात चांगलं ऱ्हाऊ देत तुमचं."

तो आवाज घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात गावात गेले. मामा घरी नव्हते. टँकरवर पाणी वाटायच्या कामाला जात होते. मोकळी झालेली नऊ घोंगडी त्या व्यापाऱ्यानं नेली होती, पण तोवर हंगाम गेला होता आणि त्यानं त्याचाच भाव लावला होता. लोकर घेण्याइतकं काही उरलं नाही. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, त्यावर शेळीचं पिल्लू बांधलेलं. गंगव्वांनी मला पाणी दिलं. मी अम्मीचा आवाज लावला. त्यांनी तो दोनदा ऐकला, मग खुंटीवरून सूत काढून एक गाठ सोडली आणि सूत परत खुंटीला अडकवलं.

भिंतीशी सात घोंगडी होती. पाच, ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची. आणि दोन माझी.

"मावशी, ही दोन तरी विका," मी म्हटलं. "ती माणसं खरंच नाहीत."

त्या दोन्ही घोंगड्यांवरची धूळ पदरानं झटकत होत्या.

"म्या बी तेच म्हनलं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "तर म्हनले, मानूसच न्हाई, तर नको कोन म्हननार?"